वकीलसाहेबांच्या मोटारीचा पंखा

वकीलसाहेबांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते मोटारीचा ताप बघत होते.

भर दुपार. अंगात काळा कोट, गळ्याला पांढरे बँड आणि पाय अनवाणी. डावा हात बॉनेटवर पालथा ठेवलेला, डोळे मिटलेले. आजारी पोराच्या कपाळावर आई हात ठेवते तसा. मी टांग्यातून ट्रंक उतरवून घेतली आणि विचारलं, "वकीलसाहेबांचं घर हेच का?"

डोळे न उघडता त्यांनी दुसरा हात वर करून मला थांबवलं. बऱ्याच वेळानं स्वतःशीच म्हणाले, "हाये. ताप हाये अजून." मग माझ्याकडे वळून एकदम छापील मराठीत, "आपण नव्या शिक्षिका. खोली मागच्या अंगाला आहे. पाणी सकाळीच भरून घेत चला. दुपारचं मोटारीला लागतं."

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-चार वर्षं झाली असतील. नांदुऱ्यात मुलींच्या शाळेत मला नोकरी लागली होती आणि खामगावला आमच्या घरी, मुलगी परगावी एकटी राहणार म्हणून रडारड चालली होती. वकिलाच्या घरात खोली मिळाली हे कळल्यावर आईचा जीव भांड्यात पडला. तो वकील कसा आहे हे तिला कोणी सांगितलं नाही ते बरंच झालं.

वकीलसाहेब मलकापूरच्या कोर्टात वकिली करत. नांदुऱ्याहून मलकापूरला जायला रेल्वे होती, एसटी होती. पण त्यांच्याकडे एक जुनी विलायती मोटार होती आणि ते रोज तिच्यातून जात. जात म्हणजे निघत. वडनेर भोलजीपर्यंत गाडी नीट चाले. तिथं ती उकळे. उकळे म्हणजे बॉनेटच्या फटींतून वाफेचे लोट, आत कुणी धान्य भरडतंय असा आवाज, आणि गाडी जागच्या जागी थरथरत उभी. वडनेरचे लोक आपापली कामं सोडून बघायला येत. वकीलसाहेब उतरून, कोट न काढता, पाण्याच्या टाकीच्या झाकणावर ओलं पोतं टाकून ते उघडत आणि तिला पाणी पाजत. पक्षकार मात्र एसटीनं कधीच पोचलेले असत आणि कोर्टाच्या पायऱ्यांवर बसून वकिलाची वाट बघत.

"नवी घ्या ना साहेब," असं कोणी म्हटलं की ते दुखावत. "काऊन? तिचं म्हननं कोनी ऐकून घेतलं काय? ऐकल्याशिवाय निकाल कसा देता?"

हे ऐकून घेणं हा त्यांचा छंदच होता. शेजाऱ्याच्या बकरीनं एकदा वाळत घातलेल्या पांढऱ्या बँडचा अर्धा भाग खाऊन टाकला. शेजारी काठी घेऊन धावला, तर यांनी त्याला अडवलं, बकरीला ओट्यापाशी उभं केलं आणि तिला विचारलं, "उपाशी होती काय? मालकानं चारा टाकला होता काय?" बकरी ओरडली. वकीलसाहेबांनी शेजाऱ्याकडे असं काही पाहिलं, की त्या माणसानं बकरीऐवजी स्वतःच माफी मागितली. दूध नासलं, छत गळलं, माझ्या शाळेतली एखादी मुलगी नापास झाली, सगळ्यांची सुनावणी होई. आणि सुनावणीत हमखास असं निघे, की जो समोर उभा आहे तो निर्दोष आणि जो हजर नाही तो दोषी.

घरात विजेचे दिवे आले होते, पंखा मात्र नव्हता. येऊच दिला नव्हता. त्यांचं म्हणणं, पंख्याखाली बसला की पक्षकार खुशाल खोटं सांगतो. "घाम फुटला की खरं बाहेर येते, बाई. डोक्यावर हवा घातली का मानूस कादंबरी सांगते." नांदुऱ्याच्या वैशाखात त्यांच्या बैठकीत बसलेला माणूस खरं खोटं काहीही सांगायच्या स्थितीत नसे. तो फक्त पाणी मागे.

या सगळ्याची किंमत मोजत होत्या काकू. त्यांच्या पत्नी. मूळच्या वरवट बकालच्या, मोठ्या जमीनदार घरातल्या, तीन भावांची एकुलती बहीण. उंच, सावळ्या, आवाज असा की अंगणातून हाक मारली तर स्टेशनवर ऐकू जाईल. सैपाकघरात चुलीपुढे बसून त्या भाकऱ्या थापत आणि घामानं निथळत नवऱ्याला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणत, "म्या कोनती खोटी साक्ष देली म्हून मले हे सजा?"

काकूंनी मोटारीत बसणं सोडलं होतं. मी येण्याच्या आधीची गोष्ट. मलकापूरला कोणाच्या तरी लग्नाला जाताना, वडनेरच्या बाजाराच्या दिवशी, गाडी ऐन गर्दीत उकळली. लोकांना वाटलं पेटली. दोघा-तिघा भल्या माणसांनी हौदावरून बादल्या भरभरून आणल्या आणि गाडीवर ओतल्या. काच खाली होती. पैठणी नेसलेल्या काकू आत होत्या. तशाच ओल्या अंगानं त्या उतरल्या, एसटीत बसल्या आणि घरी परत आल्या. "हे मोटार उकयनं बंद होईन त्या दिवशी बसीन," एवढंच म्हणाल्या.

तेव्हापासून काकू माहेरी एसटीनं जात. आणि वकीलसाहेब, बायकोला एकटीला कसं पाठवायचं म्हणून, मोटार घेऊन एसटीच्या मागे मागे जात. पुढच्या गाडीची सगळी धूळ खात. एसटी थांबली की हे उतरून तिच्या खिडकीशी जात आणि विचारत, "पानी पायजे काय? बरं वाटून राह्यलं ना?" काकू तोंड फिरवून घेत. उतारूंना वाटे हा काळ्या कोटातला माणूस एसटीचा कोणी साहेब आहे. कंडक्टर मात्र ओळखून होता. तो म्हणे, "साहेब, तुमी आतच बसा ना. अर्धं तिकीट घेतो." मग पुढे कुठंतरी मोटार उकळे, मागे पडे, आणि काकू वळून मागच्या काचेतून बघत. हे त्यांनीच मला सांगितलं. "बघावं लागते, बाई. मानूस तर माहंच हाये."

एका उन्हाळ्यात मुंबईहून रेल्वेनं एक खोकं आलं. वकीलसाहेब कोर्टात होते. हमालानं ते ओट्यावर आणून टाकलं, आणि काकूंनी ते उघडलं. आत गवत, गवतात कागद आणि कागदात पंखा. लहानसा, काळा, चार पात्यांचा. काकू तो हातात घेऊन उभ्याच राहिल्या. मग त्यांनी अशी हाक मारली की मी हातातली वह्यांची चळत टाकून धावले.

"पोरी, पाह्य! मानसाले पाझर फुटला."

आम्ही दोघींनी सैपाकघरात जागा ठरवली. चुलीच्या वर नको, धूर पसरेल. खिडकीच्या बाजूला बरं. काकूंनी मला स्टुलावर चढवून भिंतीवर कोळशानं खूण करायला लावली. आळीतल्या बायका येऊन बघून गेल्या. संध्याकाळी वकीलसाहेबांसाठी पुरणपोळी झाली. सण नसताना.

वकीलसाहेब दुसरी पोळी खात असताना काकू लाडिकपणे म्हणाल्या, "कधी लावता मंग?"

"उद्याच लावतो. कोर्टाले सुट्टी हाये. बंपर काढा लागंन."

"बंपर?"

"मंग? जाळीच्या मांगं बसते तो. बॅटरीवर चालते. विलायतेत आता सगळ्या मोटारींले असाच पंखा लावून राह्यले. इंजिनच्या पट्ट्यावर फिरनारा जुना पंखा बंद. आता उकयनंच बंद!" आणि आनंदानं त्यांनी तूप मागितलं.

तूप आलं नाही. काकू उठून गेल्या. जाताना पुरणाचं पातेलं सोबत घेऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी पंखा बसला. कापसाच्या जिनिंग कारखान्यातला फिटर मदतीला आला होता, पण वकीलसाहेबांनी त्याला फाटकापाशीच थांबवलं. खोक्यात इंग्रजी माहितीपत्रक होतं. ते त्यांनी कायद्याच्या कलमासारखं मोठ्यानं वाचलं, दोन-दोनदा वाचलं, आणि कोटासकट गाडीच्या नाकात शिरले. दिवसभर आतून "सबब", "तथापि" आणि लोखंड पडल्याचे आवाज येत होते. दुपार कलल्यावर ते तेलानं माखून बाहेर आले. जुना लोखंडी पंखा काढून ओट्यावर ठेवला होता. चालकाच्या जागेसमोर एक नवं पितळी बटण चमकत होतं.

चाचणीला निम्मी आळी जमली. धोका नको म्हणून त्यांनी सगळ्यांना गाडीच्या मागे, दोरीच्या पलीकडे उभं केलं. इंजिन सुरू झालं, बटण दाबलं, पंखा गुणगुणायला लागला. गाडी जागच्या जागी कितीतरी वेळ घरघरत राहिली. तापाचा काटा थोडा चढला आणि थांबला. उकळली नाही! लोकांनी टाळ्या वाजवल्या. वकीलसाहेबांनी हात जोडून सगळ्यांना नमस्कार केला.

काकू दारातून बघत होत्या. संध्याकाळी मी खोलीतून बाहेर आले तर काय, काकू मोटारीच्या पुढ्यात पाट टाकून बसलेल्या, मांडीवर सूप, गहू निवडताहेत. इंजिन बंद, पंखा चालू. जाळीतून झुळझुळ हवा येत होती आणि काकूंच्या कपाळावरच्या बटा भुरभुरत होत्या.

"हे काय, काकू?"

"मोटारले हवा मिळते तर तिच्या मालकिनीले काऊन नाई? बस तूही. मस्त लागून राह्यलं."

खरंच मस्त लागत होतं. दुसऱ्या दिवशी शेजारची आली शेंगा घेऊन. तिसऱ्या दिवशी आणखी दोघी, वाती वळायला. मोटारीपुढे बायकांची बैठकच भरायला लागली. वकीलसाहेब ओट्यावरून बघत आणि खूश होत. त्यांना वाटे, बायकोला गाडीचा लळा लागतोय. रोज सकाळी बॅटरी उतरलेली असायची आणि आळीतली चार माणसं बोलावून गाडी ढकलावी लागायची, त्याबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. उकळत तर नव्हती ना? कोर्टाला सुट्ट्या लागल्या होत्या. स्टेशनपर्यंत आणि परत एवढीच काय ती तिची धाव.

मग वरवट बकालहून बोलावणं आलं. काकूंच्या धाकट्या भावाला मुलगा झाला होता, त्याचं बारसं. वकीलसाहेब गळ्याची शपथ घेऊन म्हणाले, "आता तरी मोटारीत बसा. उकयनं बंद झालं. तुमच्याच तोंडचा शब्द होता."

काकूंनी त्यांना नीट न्याहाळलं. "बसते. पन रस्त्यानं एक डाव जरी उकयली, तर घरात छताले पंखा लावा लागंन. विजेचा. मोठा."

"कबूल."

"ही पोरगी साक्षीदार." आणि अशी मी साक्षीदार म्हणून मागच्या सीटवर बसले, मांडीवर बाळाची कुंची आणि झबल्यांची पिशवी घेऊन.

सकाळी लवकर निघायचं ठरलं होतं, पण गाडी ढकलायला माणसं मिळेपर्यंत ऊन चढलं. काकू पुढे बसल्या होत्या, ठेवणीतलं लुगडं, नाकात नथ. नांदुरा मागे पडलं. वकीलसाहेब शीळ वाजवायला लागले. दोन्ही बाजूंना काळी रानं तापून भेगाळली होती. पूर्णा नदी ओलांडेपर्यंत सगळं ठीक होतं. पलीकडचा चढ लागला आणि शीळ थांबली. मी वाकून बघितलं. काटा वर सरकत होता. त्यांनी पितळी बटण पुन्हा पुन्हा दाबून पाहिलं. पंखा चालूच होता, त्याची गुणगुण स्पष्ट ऐकू येत होती. गाडी जितकी जोरात चालवावी तितका काटा चढे.

मग तो धान्य भरडल्यासारखा आवाज आला आणि बॉनेटच्या कडेनं पांढरी वाफ निघाली.

गाडी थांबली.

"उकयली," काकू म्हणाल्या.

"उकयली असं म्हनता येनार नाई," वकीलसाहेब म्हणाले. "वाफ हाये. वाफ चहालेही येते. उकयनं म्हंजे बुडबुडे. बुडबुडा कोनी पाह्यला काय? बाई, तुम्ही पाह्यला?"

"नाही," मी म्हणाले. बॉनेट बंद होतं.

"पाहा! साक्षीदारानं बुडबुडा पाह्यला नाई."

काकू दार उघडून उतरल्या. "मी जाते पायी," म्हणाल्या, "मांगून एसटी येईन तर बसते," आणि गाडीला वळसा घालून रस्त्याला लागायला निघाल्या. गाडीच्या नाकासमोर आल्या आणि थबकल्या. पदर चेहऱ्यापुढे धरला. तो फडफडत मागे, त्यांच्याच तोंडावर येत होता.

"अगं माय! भट्टीच्या तोंडापुढं उभं राह्यल्यावानी झालं. संध्याकायी येते तेच हवा हाये हे, फक्त गरम." मग त्या वळल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, पंखा हवा माह्याकडं फेकून राह्यला. मंग मोटारले कोन घालून राह्यलं?"

वकीलसाहेब स्टिअरिंगवर हात ठेवून तसेच बसून राहिले. मग हळूच उतरले. खिशातून रुमाल काढून त्यांनी जाळीपुढे धरला. रुमाल बाहेरच्या बाजूला, रानाकडे उडाला. खरं तर तो जाळीला चिकटायला हवा होता. पंखा उलटा फिरत होता. समोरून येणारा वारा आत घ्यायचा सोडून तो त्याच्याशीच भांडत होता. अंगणात वारा नव्हता, म्हणून उभ्या गाडीचं निभावलं. रस्त्यावर गाडी जितकी पळेल तितकं भांडण वाढत होतं आणि इंजिनाच्या वाट्याला कोणाचीच हवा येत नव्हती.

आळीतल्या बायका इतके दिवस त्या हवेत बसून वाती वळत होत्या. त्यांच्यापैकी एकीलाही हे खटकलं नव्हतं आणि मलाही नाही. आम्हाला हवा हवी होती, ती मिळत होती.

"दोन वायरी," वकीलसाहेब पुटपुटले. "वादीच्या जागी प्रतिवादी बसला." चेहरा इतका पडला होता की काकू रस्त्यावरून परत फिरल्या.

"मंग बदला ना. बसून काय राह्यले?"

जवळच्या मळ्यातून कळशीभर पाणी आणलं. ते गाडी निवेपर्यंत थांबून, ओल्या पोत्यानं झाकण उघडून, मोटारीला पाजलं. वकीलसाहेब पुन्हा कोटासकट गाडीच्या नाकात शिरले. या वेळी माहितीपत्रक नव्हतं, कलम नव्हतं. बाहेरून काकू पदर जाळीपुढे धरून उभ्या होत्या आणि सांगत होत्या, "अजून माह्याकडंच. अजून माह्याकडंच. हां... हां! ओढला! माहा पदर ओढला!" पदर सपकन जाळीला चिकटला आणि काकू लहान मुलीसारख्या हसल्या.

त्यानंतर गाडी अशी पळाली की विचारू नका. काटा खाली, वकीलसाहेबांची शीळ मात्र बंद. ते शर्त हरले होते आणि पुढे मेहुण्यांची थट्टा सोसायची होती, हे त्यांना माहीत होतं.

वरवट बकालला फाटकात तिघे भाऊ उभे होते. त्यांच्यापुढे ओळीनं घागरी, कळश्या, हंडे, काठोकाठ भरलेले. मागे भाचरं तोंडावर हात दाबून खिदळत होती.

"या, जावईबापू!" थोरला भाऊ म्हणाला. "पानी तयार ठेवलं हाये तुमच्या मोटारीसाठी. कुठी कुठी उकयली, सांगा तरी!"

वकीलसाहेब उतरले. कोटाला तेल, कपाळावर काजळी. त्यांनी घसा साफ केला. "तसं पाह्यलं तर..." त्यांनी सुरुवात केली. ते सगळं सांगणार होते हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पूर्णा, चढ, वाफ, वायरी, सगळं.

"उकयते कायले?" काकूंचा आवाज फाटकापासून मागच्या गोठ्यापर्यंत गेला. "इलेक्ट्रिकचा पंखा बसवला हाये तिले. यायनी सोता, आपल्या हातानं. रस्त्यानं एक डाव थांबली नाई."

भावांनी माझ्याकडे पाहिलं. मी बाळाची कुंची शोधायला पिशवीत डोकं घातलं.

थोरल्यानं बॉनेटला हात लावला, आणि झटकन काढायच्या तयारीत असलेला तो हात तसाच राहू दिला. "आयला," तो म्हणाला. "थंड हाये बे."

मग काकूंनी सगळ्यांना पंखा दाखवला. स्वतः आत वाकून पितळी बटण दाबलं, भावाचा रुमाल मागून घेतला आणि जाळीपुढे धरला. रुमाल चिकटला. "पाह्य," त्या म्हणाल्या, "हवा आत ओढा लागते. भाएर फेकून उपेग नाई. लोकायले तेवढंबी समजत नाई." भाऊ माना डोलवत होते. वकीलसाहेब फाटकाला टेकून बायकोकडे बघत होते.

बारसं झालं. जेवणात जावयाला चांदीचं ताट मिळालं आणि पुरणावर तूप तीनदा वाढलं गेलं. ऊन उतरल्यावर आम्ही निघालो. पूर्णा आली. मग वकीलसाहेब रस्त्यावरची नजर न काढता हळू आवाजात म्हणाले, "तुमी खोटं बोलल्या. भर फाटकात. सख्ख्या भावायसमोर."

"हाव."

"कायले बोलल्या?"

"तुमचं तोंड पाह्यलं म्हून," काकू म्हणाल्या. "आता ते राहू द्या. पंखे कधी लावता?"

"पंखा," वकीलसाहेबांनी दुरुस्ती केली. "एकच ठरला होता."

"उकयल्याचा एक." काकूंनी नथ काढून रुमालाच्या टोकात नीट गाठ मारून बांधली. "अन् खोटं बोलायचा एक. तो सैपाकघरात."

वकीलसाहेबांनी एकदा काट्याकडे पाहिलं. मग त्यांनी गाडीचा वेग किंचित वाढवला.

"कबूल," ते म्हणाले.